भडगावचा बस्ता आणि डावखुरा राजपुत्र

आमच्या सोसायटीत माणसं प्रवासाला निघाली की आधी सगळ्यांना कळवतात. कुणी दुबईला जातं, कुणी केरळला, आणि परत आल्यावर आपल्याला फोटो बघत बसावं लागतं. मीही लिफ्टमध्ये सांगून टाकलं, "चार दिवस भडगावला चाललेय." समोरच्या कुलकर्णीबाईंनी विचारलं, "तिथे बघण्यासारखं काय आहे हो?" मी म्हटलं, "बस्ता." त्यांना वाटलं, एखादा धबधबा असेल.

बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. आमच्या खानदेशात ती नुसती खरेदी नसते. दोन्हीकडची दहा-वीस माणसं दुकानात सकाळी शिरतात आणि दिवेलागणीला बाहेर पडतात. नवरदेवाचे कपडे, मानपानाची लुगडी, टॉवेल-टोप्या, मामाचं, मावशीचं, ज्याच्याशी बोलणं नाही त्या चुलत्याचंही. मधे रुसवेफुगवे, चहा, पुन्हा चहा. माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे अक्काची नात पल्लवी हिचं लग्न ठरलं होतं आणि तिच्या बस्त्याला मी निघाले होते.

खरं सांगायचं तर मला एक कबुली द्यायची होती. अक्काच्या स्वतःच्या बस्त्याच्या दिवशी मी तिच्याशी खोटं बोलले होते. तेव्हा मी आठ वर्षांची होते, आता पासष्टीची आहे. टेलिफोन खात्यात मी तीस-बत्तीस वर्षं लोकांची बोलणी एकमेकांना जोडून दिली, पण हे एक वाक्य माझ्याच तोंडून कधी निघालं नाही. अक्का आता चौऱ्याहत्तरची झाली. फोनवर तिचा आवाज बारीक येऊ लागला, तेव्हा मी घाबरले आणि तिकीट काढलं.

पाचोरा ते भडगाव

पाचोऱ्याला गाडीतून उतरले तेव्हा सकाळची थंडी होती. स्टँडवर भडगावची एसटी लागलेली. चाळीस वर्षं पुण्यात राहून माझी अहिराणी गंजली आहे, तरी हौस दांडगी. कंडक्टरला ऐटीत विचारलं, "भाऊ, हाई गाडी भडगावले जाई का?" त्याने माझ्या पर्सकडे, चष्म्याकडे पाहिलं आणि शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाला, "होय, मॅडम. कृपया मागच्या बाजूला बसून घ्यावं." शेजारची बाई पदर तोंडाला लावून हसली. मी मुकाट मागे जाऊन बसले.

दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, मधे केळीचे हिरवेगार तुकडे. अर्ध्या वाटेत त्याच बाईने पदराची गाठ सोडून मला मूठभर गरम शेंगा दिल्या आणि माझ्या लग्नापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं विचारून घेतलं. पुण्यात शेजाऱ्याला माझं नाव कळायला दोन वर्षं लागली होती.

अक्का ओट्यावर उभीच होती. एवढीशी झालेली. मला बघून म्हणाली, "उनी का वं सुमे? किती जाडी व्हई गई!" तिच्या तोंडी हे कौतुकच असतं. मी तिला मिठी मारली आणि तिथेच सांगून टाकावं असं वाटलं. पण तिने लगेच भरताचं फर्मान सोडलं.

अक्काचा मुलगा रमेश, म्हणजे पल्लवीचा बाप, विहिरीच्या मोटारी दुरुस्त करतो. तांब्याच्या तारेची वेटोळी हाताने भरणं हे त्याचं काम. आधी ही मंडळी धुळ्याकडच्या एका खेड्यात होती, जिथे अक्काला दिलं होतं. रमेशने दुकान टाकलं तेव्हा, पंधरा वर्षांपूर्वी, सगळे भडगावला आले. त्याने अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यावर वांगी टाकली. आमच्याकडची भरताची वांगी हातभर असतात, पुण्याची त्यांच्यापुढे गोट्या. मग लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या, लसूण घालून ठेचणं आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. तिसरी भाकरी मी नको म्हटलं, तर वाढली गेलीच. मला जेवता जेवता जाणवलं, ठेचणी रमेशच्या डाव्या हातात होती. हा मुलगा डावखुरा आहे हे मला माहीत होतं, पण त्या डाव्या हाताशी माझा काही संबंध असेल याची तेव्हा कल्पना नव्हती.

बाजाराचा दिवस

दुसऱ्या दिवशी बाजार होता. अक्काचा हात धरून मी निघाले. बाजारात आता मोबाइलची कव्हरं, गाऊन, प्लास्टिकचे डबे आणि कानठळ्या बसवणारे भोंगे. एका ठिकाणी मात्र पाय आपोआप थांबले. परातीत गोडीशेवेचा ढीग होता, गुळाच्या पाकातली, अगदी तशीच. मी पुडी घेतली, खाल्ली आणि दातात अडकवून बसले. पूर्वी माझे दात स्वतःचे होते.

आमचं माहेर इथून तीन कोसांवर. लहानपणी आम्ही बैलगाडीने या बाजाराला यायचो. वर्षाचं सगळं सुख त्या एका दिवसात मिळायचं. कासारणीपुढे हात धरून बसायचं, ती चुडा चढवताना ओरडायचं नाही अशी पैज लागायची. रिबिनी, पत्र्याच्या शिट्ट्या, आरशामागे देवीचं चित्र असलेली फणी. एका माणसाकडे तिकाटण्यावर ठेवलेली पेटी असायची. तिच्या भोकाला डोळा लावला की आत ताजमहाल, हत्ती आणि एक लठ्ठ बाई ओळीने सरकत जायची. आणि थंडीत नदीकडच्या मोकळ्या जागेवर सिनेमाचा तंबू लागायचा. दुपारपासून बैलगाडीवर फलक बांधून, ढोल वाजवत एक माणूस बाजारभर ओरडत फिरायचा.

तंबू सगळ्यांना नव्हता. लग्नाच्या वयाच्या मुलीने तंबूत जायचं नाही, असा आमच्या घरचा शिरस्ता. त्यामुळे अक्काने तंबूचा फक्त ढोल ऐकला होता. सासरच्या खेड्यात तर तंबू कधी आलाच नाही.

आणि तिच्या बस्त्यालाही तिला कुणी नेलं नाही. तेव्हा तशी रीतच होती, नवरीने बस्त्याला जायचं नाही. तिने नेसायचा शालू दोन्हीकडच्या माणसांनी पसंत करायचा, आणि तिने तो आल्यावर बघायचा. मला हे आज सांगतानाही राग येतो. तोंडाने रंग मागणारी मुलगी आगाऊ ठरे. म्हणून अक्काने युक्ती केली. तिला मोरपंखी रंग वेड्यासारखा आवडायचा. तिने कुठून तरी मोरपंखी दोरा मिळवला, माझ्या फ्रॉकच्या खिशात ठेवला आणि म्हणाली, "सुमे, नवरीना शालू काढतीन तव्हय हाऊ दोरा मायना हातमा दे. बोलू नको. माय समजी जाई." करवली म्हणून मला बस्त्याला नेणार होते.

दुकानात मी दुपारभर खिशावर हात ठेवून बसले. देवाचं वस्त्र झालं, नवरदेवाचं झालं, मानपान संपता संपेना. नवरीचा शालू शेवटी काढायचा, कारण त्यावर वाद फार होतात. ऊन कलायला लागलं. आमचा मामा कंटाळला होता. तो माझ्या कानात म्हणाला, "गुळाची जिलबी खायची का?" आणि जिलबीवरून आम्ही थेट तंबूशी पोचलो. पहिला खेळ सुरू व्हायच्या बेतात होता.

तंबूच्या मधोमध पडदा होता. पुरुष एका बाजूला, यंत्राच्या बाजूला. बायका पडद्याच्या पलीकडे, मागच्या अंगाला. दारावरच्या माणसाने मला मामापासून तोडून बायकांत ढकललं. मी मातीत फतकल मारून पडद्याच्या मागून माझ्या आयुष्यातला पहिला सिनेमा पाहिला. पडदा पातळ, चित्र आरपार दिसायचं, पण आरशात दिसावं तसं उलटं. अक्षरं उलटी, पण मला सुलटी तरी कुठे धड येत होती! एक राजपुत्र होता, एक शापित राणी होती, बोलणारा पोपट होता, आणि डोंगराएवढा राक्षस. भीतीने मी तो मोरपंखी दोरा बोटाला गुंडाळत राहिले. शेवटी राजपुत्राने राक्षसाच्या छातीत तलवार खुपसली तेव्हा बायकांनी टाळ्या पिटल्या, मीही पिटल्या, आणि दोरा कुठे गेला ते कळलं नाही.

दुकानात परत आलो तोवर गठ्ठे बांधून झाले होते. शालू कांद्याच्या सालाच्या रंगाचा निघाला. घरी अक्काने तो उलगडला, घडी घातली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "दुकानात तो रंगच नव्हता." ती बरं म्हणाली. त्या शालूत ती बोहल्यावर उभी राहिली, आणि मला अक्षता टाकता येईनात.

बाजारातून फिरताना मी अक्काला विचारलं, "तंबू कुठे लागायचा गं?" तिने बोट दाखवलं. तिथे आता जुन्या मोटारसायकलींचा बाजार भरतो. मी तिथेही काही बोलले नाही.

बस्ता

तिसरा दिवस बस्त्याचा. पल्लवी नाशिकला नोकरी करते. तिचं म्हणणं, जळगावला मोठ्या दुकानात जाऊ, नाहीतर फोनवरच मागवू. पण अक्का हटून बसली, "बस्ता भडगावलेच व्हई." मग सगळी वरात अक्काचा बस्ता झाला त्या जुन्याच पेढीवर निघाली. आता तिथे काचेचं दार आहे, गारवा आहे, पण आतल्या खोलीत पांढऱ्या चादरीची गादी अजून अंथरलेली असते. आम्ही चपला काढून त्यावर बसलो. मालक आप्पाशेठ माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, आता नुसते बसून देखरेख करतात.

पल्लवी मधोमध बसली होती. नवरी स्वतः! साड्या खांद्यावर टाकून आरशात बघत होती, होणाऱ्या नवऱ्याला फोटो पाठवत होती, सासूबाईंना बेधडक सांगत होती, "आई, हा रंग मला म्हातारा करतो." सासूबाई हसत होत्या. मला त्या पोरीचा हेवा वाटला आणि भरूनही आलं. आमच्या अक्काच्या वाट्याला यातला एक तासही आला नव्हता.

आणि दुकानदाराच्या माणसाने घडी झटकली. मोरपंखी. काठ सोनेरी, मधे हिरवा की निळा हे डोळ्याला ठरवता येऊ नये असा. पल्लवीने ती बाजूला सारली. मी झडप घातली.

"ही अक्काला," मी म्हणाले. "माझ्याकडून."

अक्काने काठ दोन बोटांत धरला आणि सोडून दिला. "मी कसाले? आते हाऊ रंग माले शोभी का?"

"शोभेल. घेच तू."

"नको वं माय. माले सुती दे एखादी."

मग माझा धीर सुटला. एवढ्या माणसांत, चहाचे कप हातात असताना, मी बोलून गेले. "अक्का, तुझ्या बस्त्याला मी दोरा दिलाच नाही. मी दुकानात नव्हतेच. मामाबरोबर तंबूत सिनेमा बघत बसले होते. रंग नव्हता हे मी खोटं सांगितलं."

पल्लवीची सासू माझ्याकडे बघत राहिली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

अक्का कपातला चहा बशीत ओतत होती. तिने तो नीट ओतला, फुंकला, प्यायली. मग म्हणाली, "माले माहीत शे."

"कधीपासून?"

"दुसरा दिनपासून. कापूस येचता येचता तू माले बठ्ठा पिक्चर सांगा, इसरी गई का? पोपट कसा बोले, राकेस कसा मरना. नाचीबी दखाडं. खेळ दिवेलागणीना, शालू बी दिवेलागणीलेच काढा. दोन्ही जागावर तू कशी व्हशी? मी काय येडी शे का?"

सगळे हसले. मी मात्र रडतच होते. खरंच की! दुसऱ्याच दिवशी शेतात, दोन ओळींत कापूस वेचताना, मी तिला अथपासून इतिपर्यंत सिनेमा सांगितला होता. पोटात खोटं ठेवून वर खऱ्याची अशी दवंडी पिटणारी मीच.

"मग तू मला बोलली का नाहीस?" मी विचारलं. "मला एक थोबाडीत तरी मारायचीस."

"मारती तं तू पिक्चर आर्धाच सोडती." अक्काने माझा हात हातात घेतला. "कसाले रडस? ती साडी कव्हयच फाटी गई, तिनी वाकळ करी, वाकळ बी फाटी गई. पिक्चर आजूनबी मनाजोडे शे."

तिने मग जे सांगितलं, ते मला एवढ्या वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं. सासरी गेल्यावर तिला कुणाशी बोलायचं काय, हे सुचेना. मग एके दिवशी निंदणी करताना तिने जावांना राजपुत्राची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतातल्या बाया येऊन बसल्या. गावात सिनेमा नव्हता, पण अक्का होती. पुढे रमेश झाला. तो डाव्या हाताने जेवू लागला आणि सासूने डोकं धरलं. अक्काच्या शब्दांत सांगायचं तर, "सासूनी त्याना डावा हात कमरले बांधी ठेवा. पोऱ्या रडे, जेवे नही. मंग मी सासूले सांगं, मामी, राजाना पोऱ्या बी डावखुरा व्हता. डावा हातनी त्यानी राकेस मारा. मनी बहीण डोयानी देखी उनी. देवना पिक्चरमा डावखुरा राजा व्हई सकस, तं आपला रमेश का नही?"

"मग?" पल्लवीने विचारलं. ही गोष्ट तिला अर्धीच माहीत असावी.

"मंग सासूनी दोरी सोडी," अक्का म्हणाली.

रमेश दाराशी टेकून उभा होता. डाव्या हातात चहाचा कप होता. तालुक्यात त्याने भरलेली मोटार सहसा जळत नाही असं लोक सांगतात, आणि तो म्हणतो की तार उलटी ओढण्याची त्याची पद्धत कुणाला जमत नाही. तो हसला आणि म्हणाला, "मावशी, लहानपणी मी तुम्हाला त्या राजपुत्राचीच सख्खी मावशी मानायचो."

मला आता कळलं होतं. राजपुत्र डावखुरा नव्हताच. पुढे पुण्यात थिएटरमध्ये बसून सुलटे सिनेमे बघितले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं होतं की पडद्याच्या मागून त्याचा उजवा हात मला डावा दिसला, आणि अक्काला मी तसाच करून दाखवला. पण ती गंमत म्हणून माझ्या डोक्यात राहिली. ती कुणाच्या कामाला आली असेल हे स्वप्नातही नव्हतं.

आप्पाशेठना जुने दिवस आठवले होते. ते मान डोलावत म्हणाले, "तो तंबू! अक्का, तुम्ही गेला नाहीत, तुम्हाला काय माहीत. मधे पडदा असायचा आणि बाया मागल्या अंगाला. त्यांना सगळं उलटं दिसायचं बरं का! आमची आई म्हणायची, सिनेमातली माणसं डाव्या हातानं का जेवतात रे?"

ते स्वतःच्याच बोलण्यावर मोठ्याने हसले. पल्लवी हसली नाही. ती हुशार आहे. तिने साडी मांडीवर ठेवली, बापाच्या हातातल्या कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अक्काची बशी अर्ध्यावर थांबली होती. तिचे बारीक डोळे माझ्या तोंडावर होते, आणि मला त्यात पहिल्यांदाच भीती दिसली.

"मावशीआजी," पल्लवी म्हणाली, "तुम्ही कुठे बसला होतात? पुढे की मागे?"

मी एवढा प्रवास करून आले होते ते खोटेपणा उतरवून ठेवायला, आणि तो उतरवून पुरती पाच मिनिटंही झाली नव्हती.

"पुढे," मी म्हणाले. "अगदी पहिल्या रांगेत, मामाच्या शेजारी."

अक्काने उरलेला चहा पिऊन टाकला आणि मोरपंखी साडी स्वतःकडे ओढून घेतली.